काळमेघ

रायपूर
१९ नोव्हेंबर २०००

चि. शामू,

अनेक आशीर्वाद. तुझा मोठा भाऊ आता परराज्यात राहतो. राज्य वेगळं झालं त्या सकाळी आमच्या सिंचन खात्याच्या फाटकावर रंगारी चढला, त्याने 'मध्य प्रदेश' खरवडलं आणि 'छत्तीसगढ़' लिहिलं. आम्ही खाली उभं राहून टाळ्या वाजवल्या. ज्यांचं घर इथलंच, त्यांनी मनापासून वाजवल्या. भोपाळ-ग्वाल्हेरहून ज्यांना यादीत टाकून इकडे धाडलंय, त्यांनी आपल्या देखाव्यापुरत्या. फेरविचाराचा अर्ज दिलाय. साहेब म्हणतात, "मुजुमदार जी, हो जाएगा." केव्हा, ते सांगत नाहीत.

खोली बरी आहे. घरमालकीण सुमनताई निवृत्त शिक्षिका, नागपूरकडच्या. फोन त्यांच्या पुढच्या खोलीत आहे आणि त्याही दिवसभर तिथेच असतात, त्यामुळे फोनवर 'सगळं ठीक' यापलीकडे बोलता येत नाही. मनातलं पत्रातच लिहीन. तू खासगी बाजारातल्या तुझ्या घरून दर्पण कॉलनीत आमच्याकडे अधूनमधून चक्कर टाकत जा. इंदूची बारावी आहे आणि पद्मा एकटी पडलीय.

परवा बाजारात जंगलातून आलेल्या काळमेघाच्या पेंढ्या पाहिल्या. तापात आई हाच पाजायची ना, हिरवा चिरायता म्हणून? तू इतकी वर्षं त्याच्याच मागे आहेस आणि मी कधी धड विचारलंसुद्धा नाही. आता मला वेळच वेळ आहे. सिंचनवाल्याला कळेल असं लिही. कॅन्सरच्या पेशी त्याने मरतात म्हणजे नेमकं काय होतं?

तुझा,
दादा


ग्वाल्हेर
३ डिसेंबर २०००

ती. दादास साष्टांग नमस्कार.

तू विचारलंस ह्याचा इतका आनंद झाला की वहिनीला जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "मला कधी विचारलं नाही त्यांनी, भाजीत काय घालते म्हणून!"

तर ऐक. पेशी दोन तऱ्हेने मरते. बाहेरून घाव बसला तर फुटते, भोवती सूज येते. दुसरं मरण तिचं स्वतःचं, ठरवून आलेलं. आईच्या पोटात बाळाचा पंजा आधी सलग असतो. मधल्या पेशी ठरल्या वेळी मरतात, म्हणून बोटं सुटी होतात. मरणाची सामग्री प्रत्येक पेशीत पहिल्यापासून असते. कॅस्पेज नावाची प्रथिनं असतात, त्यांना मिटवून ठेवलेल्या कात्र्या समज. आणि त्यांना अडवून धरणारं एक प्रथिन असतं, बीसीएल-टू. तिघऱ्याच्या धरणाचा दरवाजाच म्हण. पेशी बिघडली की दरवाजा उघडायला हवा. पण काही कॅन्सरमध्ये, गाठींच्या लिम्फोमात तर फारच, हे बीसीएल-टू इतकं साठतं की दरवाजा उघडतच नाही. मरायला हवी ती पेशी मरत नाही, उलट वाढत राहते.

अशाच लिम्फोमाच्या पेशी आम्ही काचेच्या बशीत वाढवतो आणि त्यांच्यावर काळमेघातलं कडू द्रव्य टाकतो. बीसीएल-टू कमी होतं, कात्र्या सुटतात, पेशी आक्रसते आणि तिचे बारीक बारीक तुकडे होतात. शरीरात असते तर शेजारच्या पेशींनी ते गिळून जागा साफ केली असती. सूज नाही, गडबड नाही. पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकातून हे पाहिलं तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभी राहिले होते.

बाकी विजेचे हाल आहेत. वीजघरं तुमच्या छत्तीसगडात गेली आणि आमच्या पेशी उबेच्या कपाटात गारठून मरताहेत. त्याला मात्र काळमेघ लागत नाही.

तुझी,
शामला


रायपूर
२८ डिसेंबर २०००

चि. शामू,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दरवाजाची गोष्ट नीट कळली.

आमच्या दफ्तरात महिपतराव म्हणून एकजण आहेत, माझ्याच वयाचे, तेही तिकडूनच आलेले. त्यांच्या मानेला गाठ आली होती. नागपूरला तपासणी केली तर लिम्फोमा निघाला. डॉक्टर केमो घ्या म्हणतात. मी त्यांना तुझ्या कामाबद्दल सांगितलं, तर माणूस हरखून गेला. त्यांचे प्रश्न जसेच्या तसे लिहितो. काळमेघाचा काढा किती घ्यावा? उपाशीपोटी की जेवणानंतर? केमो आणि काढा दोन्ही एकदम घेतले तर चालेल का? आणि नुसत्या काढ्यावर भागेल का?

लवकर कळव. त्यांच्या घरी अजून कुणाला माहीत नाही.

संक्रांतीला यायला जमणार नाही. रजा नाही.

दादा


ग्वाल्हेर
११ जानेवारी २००१

ती. दादास सा. न.

महिपतरावांना सांग, आधी डॉक्टरांचं ऐका. नुसत्या काढ्यावर मुळीच राहू नका. आम्ही जे टाकतो ते शुद्ध केलेलं द्रव्य, तेही बशीतल्या पेशींवर. माणसाची गोष्ट फार लांबची आहे.

केमोबरोबर काढा घ्यावासा वाटला तर घेऊ देत. आपण लहानपणी बाटल्याच्या बाटल्या प्यायलो, काय बिघडलं? माझ्या मते मदतच होईल. दोघे मिळून दरवाजाला धक्का देतील. तसं कुणी करून पाहिलेलं नाही म्हणा. तुझ्या प्रश्नामुळेच आता डोक्यात आलंय की लिम्फोमावर देतात तीच औषधं आणून दोन्ही एकत्र टाकून बघावी.

त्यांच्या घरी मात्र कळवायला सांग. असा आजार एकट्याने काढायचा नसतो.

वहिनीने तिळाच्या वड्या दिल्यात, पार्सलने पाठवते आहे.

शामला


रायपूर
१८ फेब्रुवारी २००१

चि. शामू,

वड्या मिळाल्या. सुमनताईंना दिल्या. गोड खाववत नाही हल्ली.

महिपतरावांनी नागपूरला पहिला डोस घेतला. लाल रंगाचं औषध शिरेतून आत जाताना बघत बसावं लागतं. परतीच्या गाडीत दारापाशीच उभं राहावं लागलं, इतक्या ओकाऱ्या. तोंडाला सारखी लोखंडाची चव. मग एका सकाळी उशीवर केसांचा पुंजका. दुसऱ्या डोसाची तारीख गेली, ते गेले नाहीत. त्यांचं म्हणणं असं की काढ्याने गाठ मऊ लागतेय. आणि केमोत महिन्यांमागे महिने जाणार, केस जाणार, मग घरी लपवायचं कसं? मुलगी बारावीला आहे. तिचे पर्चे होईपर्यंत तरी काढ्यावर काढू, मग बघू, असं ठरवलंय.

तुझा काळमेघ इथे ताजा मिळतो, हे एक बरं.

होळीलाही येणं होणार नाही. पद्माला तू समजाव.

दादा


ग्वाल्हेर
२५ फेब्रुवारी २००१

दादा,

महिपतरावांची मुलगीही बारावीलाच?

लोखंडाची चव दुसऱ्याच्या तोंडाला आली तर कुणी असं लिहीत नाही. काल तुझ्या दफ्तरात फोन लावला आणि महिपतरावांना बोलवा म्हटलं. पलीकडचा म्हणाला, "मैडम, इस नाम का यहाँ कोई नहीं है." मग सुमनताईंकडे लावला. तू नेहमीसारखं 'सगळं ठीक' म्हणालास आणि मीही 'बरं' म्हणून फोन ठेवला.

आता माझं पूर्ण ऐक. तू विचारलं होतंस, दोन्ही एकदम घेतलं तर काय? मी 'मदतच होईल' असं लिहून मोकळी झाले. नंतर ते खरंच करून पाहिलं. काढ्यातून रक्तात पोचेल तर फार थोडं पोचेल, म्हणून काळमेघ अगदी कमी घेतला आणि त्याच्याबरोबर केमोचं औषध. दादा, जास्त पेशी जगल्या. नुसत्या औषधाने मरत होत्या, काळमेघ घातल्यावर त्यातल्या कितीतरी तगल्या. भरपूर घातला तर तो मारतो, थोडा घातला तर तो त्यांनाच सांभाळतो असं दिसतंय. का, ते मला अजून कळलेलं नाही. चूक झाली असेल म्हणून पुन्हा केलं. पुन्हा तेच.

विभागप्रमुख रघुनाथरावांना दाखवलं. ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात परिषद आहे. हे सध्या बाजूला ठेवा." मी म्हटलं, "सर, माझा भाऊ तो काढा पितोय." ते मग म्हणाले, "तुम्ही भावाला थांबवा. शोधनिबंधाचं नंतर बघू." मी निबंधातही घालणार आहे. पण ते माझं मी बघेन.

आजपासून काढा बंद कर. गाठ मऊ लागतेय ती त्या एका डोसामुळे. तुला झाडपाल्यावर विश्वास ठेवायचा आहे ना? मग हे ऐक. तुला शिरेतून जी औषधं देतात त्यातलं एक सदाफुलीतून काढलेलं आहे. तीच सदाफुली, तुझ्या फाटकाशी वहिनीने लावलेली. पण ते पानं उकळून कुणी दिलं नाही. वर्षानुवर्षं माणसांनी ते शुद्ध केलं, मोजलं, किती दिलं की माणूस वाचतो आणि किती दिलं की दगावतो हे पाहिलं. काळमेघावर ते काम अजून कुणी केलेलं नाही. मीही नाही. माझ्याकडे फक्त बशा आहेत.

ह्या जातीचा लिम्फोमा पूर्ण उपचार घेतला तर अर्ध्या लोकांचा बरा होतो. उपचार मधेच थांबला तर कुणाचाच होत नाही. नागपूरला जा. आणि वहिनीला सांग. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन.

शामू


रायपूर
५ मार्च २००१

शामला,

तू काही सांगणार नाहीस. आईची शपथ आहे तुला.

कुठे राहायचं, कुठे काम करायचं, कुठल्या राज्याचा म्हणवून घ्यायचं, सगळं एका हुकुमाने ठरलं. मला कुणी विचारलं नाही. एवढी एक गोष्ट माझ्या हातात आहे. इंदूचा शेवटचा पर्चा होईपर्यंत तिच्या घरात रडारड व्हायची नाही. काढा सोडला आहे, तुझ्या शब्दाखातर. नागपूरला परीक्षेनंतर जाईन.

पुन्हा दफ्तरात फोन करू नकोस.

मधुसूदन


नागपूर
२४ मार्च २००१

प्रिय शामलावन्सं,

धर्मशाळेतून लिहितेय. इस्पितळ समोरच आहे. काल ह्यांना दुसरा डोस दिला. आत्ता झोपलेत.

त्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरात येऊन सांगितलंत तेव्हा मी काही बोलले नाही, नुसती गाडी विचारली. तुम्हाला वाटलं असेल, बाई दगडाची आहे. बोलले असते तर इंदूला ऐकू गेलं असतं.

रायपूरला पोचले तर सुमनताई दारात. म्हणाल्या, "तुम्ही त्यांच्या मिसेस ना? बरं झालं आलात. हा माणूस जेवत नाही हो." हे आत खाटेवर बसले होते, डोक्याला मफलर. इतकं ऊन असताना. मला बघून म्हणाले, "इंदूचा पर्चा?" मी म्हटलं, "फिजिक्सचा झाला. बरा गेला." मग मफलर काढला.

मग मी विचारलं, "मला का नाही सांगितलं?" तर म्हणाले, "तू धावत आली असतीस." मी म्हटलं, "मग? बायको कशासाठी असते, तिळाच्या वड्या धाडायला?" तेव्हा रडले. लग्नाला वीस वर्षं झाली, मी ह्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं.

डॉक्टरांनी रागावायचं तेवढं रागावून घेतलं. मधे इतका खंड पडायला नको होता म्हणाले. गाठी आता काखेतही आहेत. पण औषध चालू करू, बघू, म्हणाले. तुमचे काळमेघाचे आकडे त्यांना दिले. त्यांनी नीट वाचले आणि म्हणाले की ह्यापुढे प्रत्येक पेशंटला आधी विचारीन, घरी काय काय घेता म्हणून.

तुमच्यावर हे फार रागावलेत. तिकडे लक्ष देऊ नका. इंदू तुमच्याकडे आहे ह्या एका आधारावर मी इथे बसलेय.

पद्मा


रायपूर
१७ जून २००१

चि. शामू,

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. बोटं बधिर झालीत, औषधाने होतं म्हणतात. अक्षर लावून घे.

इंदू येऊन गेली. तिने मला सांगितलं की परीक्षेच्या मधेच तिने तुला गाठून विचारलं होतं, "आत्या, सच बताओ, बाबांना काय झालंय?" आणि तू खरं सांगितलंस. त्यानंतरही तिने पुढचे पर्चे दिले आणि फर्स्ट क्लास आणला. मला म्हणाली, "बाबा, मुझे क्या बच्ची समझ रखा था?" मी ज्यासाठी एवढा आटापिटा केला ती पोर माझ्याहून धीराची निघाली.

शपथ मोडलीस ती बरी केलीस असं मी म्हणणार नाही. मोठा भाऊ आहे, तेवढा मान ठेव. पण पद्मा इथे आल्यापासून मी शांत झोपतो.

गाठी आधी विरघळल्या होत्या. आता ताप परत येतोय आणि मानेला पुन्हा लागतंय. डॉक्टर औषध बदलतील. ते तोंडाने काही बोलले नाहीत, पण मी धरणावर आयुष्य काढलंय. भिंत पाहणाऱ्याचा चेहरा मला वाचता येतो.

तुझा निबंध ज्या दिवशी छापून येईल त्या दिवशी मला पाठव. न आवडणारा निकाल त्यातून गाळू नकोस.

तुझा,
दादा


रायपूर
२ सप्टेंबर २००१

शामलावन्सं,

ह्यांचे दिवस झाल्यावर तुम्ही ग्वाल्हेरला परतलात, त्यानंतर मी लिहिलं नाही. तुम्ही तेरा दिवस इथे होतात तेव्हाही विचारायचं होतं. भरल्या घरात विचारता आलं नाही.

ह्यांच्या ट्रंकेत तुमची पत्रं होती. मी वाचली. जानेवारीच्या पत्रात तुम्ही लिहिलंय, काढा घेऊ देत, मदतच होईल.

मला एवढंच सांगा. तुम्ही तेव्हाच 'नको' म्हटलं असतंत, आणि ह्यांनी मधले डोस चुकवले नसते, तर हे वाचले असते का?

मला समजूत नको आहे. तुम्हाला जे माहीत आहे ते हवं आहे.

पद्मा


ग्वाल्हेर
१४ सप्टेंबर २००१

ती. वहिनीस,

तुमचं पत्र आल्यापासून रोज लिहायला बसते आणि फाडते. आज फाडणार नाही.

मला माहीत नाही.

नागपूरच्या डॉक्टरांशी फोनवर बोलले. ह्या आजारात सगळं वेळेवर झालं तरी अर्धे जातात. दादा कुठल्या अर्ध्यात होता ते कुणालाच सांगता येणार नाही. खंड पडल्याने नुकसान झालं, हे नक्की. किती, ते सांगता येत नाही. पहिल्या डोसाबरोबर घेतलेल्या काढ्याने माणसाच्या शरीरात काही केलं की नाही, तेही कळायला मार्ग नाही. मी पाहिलं ते फक्त बशीत.

पण 'माहीत नाही' ह्या शब्दाआड मला लपायचं नाही. करून पाहिलेलं नाही असं मी त्याच पत्रात लिहिलं होतं, आणि त्याच्या आधीच्या ओळीत 'मदतच होईल' असंही. त्याला आधीची ओळ हवी होती, त्याने ती घेतली. माझं काम त्याला आवडलं ह्या आनंदात मी ती लिहिली. ती मला पुसता येत नाही.

निबंध पाठवला आहे, त्या निकालासकट. रघुनाथरावांनी स्वतःचं नाव काढून घेतलं. छापतील की नाही, ठाऊक नाही.

तुम्ही माझ्याशी बोलणं सोडलंत तरी मी समजून घेईन. इंदूचं इथलं कॉलेज, राहणं, सगळं माझ्याकडे आहे तसंच राहील.

शामला


रायपूर
२१ ऑक्टोबर २००१

शामलावन्सं,

उत्तराला उशीर झाला. मला ह्यांच्या जागी अनुकंपेवर घेतलंय, त्यात दिवस गेले. फेरविचाराच्या अर्जाचं काही झालं नाही. हे ह्याच राज्याचे म्हणून गेले, त्यामुळे नोकरीही इथलीच मिळाली. आवक-जावक विभागात बसते. दफ्तरातल्या बायका चांगल्या आहेत. त्यांची बोली अजून निम्मी कळत नाही, पण डबा एकत्र खातो.

तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस जेवले नाही. खोटं कशाला सांगू? पण तुम्ही 'वाचले असते' लिहिलं असतंत तर मला जगणं कठीण झालं असतं, आणि 'नसते वाचले' लिहिलं असतंत तर मी विश्वास ठेवला नसता. 'माहीत नाही' हे मला झेपेल असं वाटतं. रोज थोडं थोडं.

मी तुमच्यावर रागावलेय का? कधी कधी हो. ह्यांच्यावर त्याहून जास्त. मग वाटतं, इतके महिने तुम्ही दोघं बहीणभाऊ एकमेकांना लिहीत होतात आणि मी दर्पण कॉलनीत बसून वड्या करत होते. त्याचाही राग येतो. जाईल हळूहळू.

दिवाळीत इंदूला घेऊन या. दुःखाचं वर्ष आहे, फराळ-रांगोळी काही करायची नाही. पण भाऊबीजेला तुम्ही खासगी बाजारात एकट्या बसाल, आणि भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात तसं गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळाल, हे मला बघवणार नाही.

चंद्राला ओवाळू नका. इकडे या. पाटावर मी बसेन.

पद्मा